वीस सऱ्या

नऊ मीटर चौदा सेंटिमीटर. आबाजीला हा आकडा कळला तो रविवार होता. माघ संपत आला होता आणि अंथुर्ण्याच्या शिवारात ऊसतोड अर्ध्यावर आली होती. दुपारची भाकरी खाऊन तो ओसरीत आडवा झाला होता. सहावीतली त्याची पोरगी स्वरूपा वही घेऊन त्याच्या उशाशी येऊन बसली.

"बाबा, माजं गणित चुकलंय. उद्या बाई ओरडत्याल."

"आईला इचार."

"आईला फूट येत्यात. मीटर येत न्हाय."

आत मुक्ताबाई भांडी घासत होती. तिथूनच ती म्हणाली, "मला समदं येतंय. पर तुज्या बापाला लोळताना बघितलं की माज्या हाताला जास्त काम लागतं. त्यालाच इचार."

आबाजी उठून बसला. पोरीच्या वर्गात विज्ञानाचा मापनाचा धडा चालू होता. करुणाबाई लासुर्ण्याहून स्कूटीवर यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना एकच बाक वितीनं मोजायला लावला. अठ्ठावीस पोरं आणि उत्तरं सोळा तऱ्हेची. मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. घरातलं एखादं जुनं माप शोधा, ते मीटरमध्ये करा, आणि खरंच तेवढं भरतंय का ते फितीनं मोजून बघा. कुणी आजीचं लुगडं घेतलं, कुणी पायली घेतली. स्वरूपानं रान घेतलं. म्हणून बाईंनी तिला शाळेतली खेळाच्या मैदानाची तीस मीटरची नारिंगी फीत दोन दिवसांसाठी दिली होती.

वहीत तिनं रकाने आखले होते. आईची वीत १९ सेंमी. बाबांची वीत २३ सेंमी. तात्यांची वीत २२ सेंमी. आईची उंची १ मीटर ५२ सेंमी. त्याच्याखाली लिहिलं होतं, वाटणीच्या कागदाप्रमाणे चारीपासून बांधापर्यंत साठ फूट, म्हणजे १८.२९ मीटर. आणि त्याच्याखाली फितीनं मोजलेलं: २७.४०, २७.४३, २७.४६. सरासरी २७.४३.

"तीनदा मोजलं," स्वरूपा म्हणाली. "बाई म्हनत्यात एकदा मोजल्यालं खरं धरायचं न्हाय. पर तिनी येळंला सत्तावीसच येतंय."

"फीत कुनी धरली व्हती?"

"तात्यांनी. चारीवर टोक धरून उभं ऱ्हायले सकाळी."

तात्या म्हणजे दत्तोबा, आबाजीचा थोरला चुलत भाऊ. दोघांचं रान एकाला एक लागून होतं. एका अंगाला कालव्याची चारी, दुसऱ्या अंगाला ओढा. दोघांच्या बापांनी पन्नास वर्षांपूर्वी वाटणी केली तेव्हा चारीकडचं काळं रान थोरल्याला गेलं आणि तिथून ओढ्यापर्यंतचं उरलेलं धाकट्याला. ओढ्याकडं दगडगोटे होते, म्हणून धाकट्याला रुंदी जास्त दिली होती. मधे दगड रोवलेला नव्हता. भावाभावात दगड कशाला, म्हणून एक सरी मोकळी सोडायची आणि तिलाच बांध म्हणायचं, एवढंच ठरलं होतं.

आबाजीनं पोरीच्या हातातली पेन्सिल घेतली. सत्तावीस त्रेचाळीसमधून अठरा एकोणतीस गेले, उरले नऊ चौदा. रानाची लांबी एकशे दहा मीटर. त्यानं गुणाकार केला, पुन्हा केला.

दहा गुंठे.

बारा वर्षं त्यानं आणि मुक्तानं ओढ्याकडचे दगड वेचले होते. उन्हाळा आला की पहाटे उठायचं, पहारीनं दगड उकरायचे, घमेल्यात भरून डोक्यावरून ओढ्यात नेऊन टाकायचे. त्या ओझ्यानंच मुक्ताची मान धरली होती. रात्री तिला कुशीवर वळता यायचं नाही. दरसाल एक पट्टा काळ्या मातीचा तयार व्हायचा आणि आबाजी म्हणायचा, आपलं रान वाढलं. आणि तिकडून हा दरसाल गिळत होता. आणि वर फितीचं टोक धरून उभा राहत होता, पोरीच्या तोंडाकडं बघून हसत.

आबाजी ताडकन उठला. त्यानं वही पोरीच्या मांडीवर टाकली आणि चपला न घालताच भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं.

"बाबा, थांबा की. मागच्या पानावर अजून हाय. मी सरी पन मोजली..."

तो अंगण ओलांडून गेला होता.

"अवो, कुठं निघाला?" मुक्तानं राखेनं भरलेले हात तसेच धरून दारातून विचारलं. भिंतीचं खोरं जाग्यावर नाही हे तिच्या जरा उशिरानं ध्यानात आलं, आणि मग ती पदर खोचून त्याच्यामागं पळत सुटली.

दत्तोबाचा ऊस महिन्यापूर्वी तुटून गेला होता आणि तोडलेल्या बुडख्यांतून खोडवा वीतभर फुटला होता. तो उकिडवा बसून, मोकळ्या राहिलेल्या जागी कांड्या लावत होता. हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. जवळ पाण्याची कळशी आणि कांड्यांची पाटी, एवढंच होतं.

"ये आब्या," तो मान वर न करता म्हणाला. "तुज्या पोरीनं आज मला खुंट्यावानी उभं केलं. हलू बी दीना. मोजणी खात्यात जानार ती, लिहून ठेव."

"किती भरलं ते सांगितलं का तिनं?"

"सत्तावीस का काय. मला मीटरातलं काय कळतंय?"

"साठ फुटाचं अठरा व्हत्यात, तात्या."

दत्तोबानं आता वर बघितलं. खोरं बघितलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "मग?"

"मग नऊ मीटर माजं हाय. दहा गुंठं. कदी खाल्लं ते सांग. एकदम खाल्लं का घास घास?"

"त्वांड सांभाळ."

"कागुद हाय घरात. साठ फूट लिवलंय."

"आन फुडं काय लिवलंय? साठ फूट म्हंजी वीस सऱ्या. तुज्या बानं आन माज्या बानं हितं उभं ऱ्हाऊन मोजल्या. मी पोर व्हतो, म्या बघितलंय. चारीपासनं वीस सऱ्या माज्या. वीसच्या एकवीस झाल्या आसत्या तर मान कापून दिली आसती."

"वीसच हायत व्हय?"

"चल. मोज."

दत्तोबा चारीपाशी गेला आणि तिथून सऱ्या ओलांडत निघाला. प्रत्येक सरीत पाय टाकताना आकडा मोठ्यानं म्हणत होता, लांबच्या माणसालाही ऐकू जावा असा. "येक. दोन. तीन." आबाजी त्याच्या बरोबरीनं चालत होता. दत्तोबाच्या पोटरीचा चिखल वाळत चालला होता आणि पावलागणिक त्याची खपली पडत होती. "सात. आट." चोरानं ऐवज मालकाच्या नाकासमोर मोजून दाखवावा तसं आबाजीला वाटलं. "धा. अकरा."

अकरावर त्यानं खोरं घातलं.

खोऱ्याची धार दत्तोबाच्या गळ्याच्या हाडावर बसली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दत्तोबा ओरडला नाही. तो सरीत बसला आणि मोडक्या खांद्याकडं बघत राहिला, जसं काही दुसऱ्याच कुणाचं काही पडलं आहे. आबाजीनं दुसऱ्यांदा घातलं. पाठीवर. खोऱ्याचं पातं आडवं लागलं आणि दत्तोबा तोंडावर कोसळला, त्याच्या तोंडात माती गेली. आबाजीनं त्याच्या बरगडीत लाथ घातली. अनवाणी पायाचा अंगठा त्यात मोडला, ते त्याला संध्याकाळी कळलं.

"मोज! बारा म्हन! म्हन की!"

दत्तोबाचा पोरगा युवराज गोठ्यात खुंटा ठोकत होता. तो तसाच पहार घेऊन धावत आला. बावीस वर्षांचं पोर, गेल्या वर्षी याच काकाच्या ट्रॅक्टरवर नांगरट शिकलेलं. त्यानं बापाला पालथा पडलेला बघितला. त्याच्या तोंडून घोगरा आवाज निघाला आणि त्यानं दोन्ही हातांनी पहार फिरवली.

मुक्ता त्याच वेळी पोचली होती. तिनं आबाजीला छातीत धक्का देऊन मागं ढकललं. "युवा, न्हाय रं..." एवढंच ती म्हणाली. पहार तिच्या कानाच्या वर बसली.

ती सरळ खाली बसली. मग कुशीवर कलली. हाताची राख अजून तशीच होती. कानातून रक्त येऊन खोडव्याच्या कोंबांवर पडत होतं. युवराजनं पहार टाकली आणि तो "काकू, काकू" करत तिला उचलायला गेला. आबाजीनं त्याला गळ्याला धरून पाडला आणि त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत राहिला. पोरानं हात वर केला नाही. त्याचे पुढचे दोन दात आबाजीच्या बोटांत रुतले.

आबाजी थांबला तो स्वरूपाच्या आवाजानं. ती बांधावर उभी होती, काखेत वही. ती ओरडत नव्हती. "आई उठंना," एवढंच परत परत म्हणत होती.

शेजारच्या वस्तीवरची जीप मिळाली. मुक्ताचं डोकं मांडीवर घेऊन आबाजी मागं बसला होता. लासुर्णं मागं पडायच्या आत तिच्या पायाची बोटं हलायची थांबली. तरी ते बारामतीपर्यंत गेले. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि मान हलवली.

सकाळी पंचनामा झाला. हवालदारानं विचारलं, "टेप आहे का कुणाकडं?" माणसं एकमेकांकडं बघायला लागली. स्वरूपा घरात गेली आणि नारिंगी फीत घेऊन आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण हवालदार फीत उलटी धरतोय हे तिला दिसलं.

"शून्य तिकडं हाय," ती म्हणाली.

मग तिनंच आकडा वाचला. चारीपासून रक्ताच्या जागेपर्यंत सोळा मीटर वीस सेंटिमीटर. हवालदार लिहीत असताना ती हळूच म्हणाली, "हे अठराच्या आत हाय." कुणी लक्ष दिलं नाही. फीत गुंडाळताना रक्ताच्या मातीवरून ओढली गेली. घरी आल्यावर तिनं ती ओल्या फडक्यानं पुसली, साबण लावला. सोळा मीटरच्या आसपास तांबूस डाग राहिलाच. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी मुक्ताची उंची लिहिली होती, एकशे बावन्न सेंटिमीटर. तेवढी ती वहीतही होती.

ठाण्यात आबाजीशेजारी मुक्ताचा भाऊ विजयसिंह बसला होता. तो बावड्याहून दोन गाड्या भरून माणसं घेऊन आला होता. साहेबांनी विचारलं, "पहिला वार कुणी केला?"

आबाजीच्या बोटांवर पट्ट्या होत्या. त्यानं विजयसिंहाकडं बघितलं नाही. तरी विजयसिंहाचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला.

"त्येंनी."

"खोरं कुणाचं?"

"त्येंचं. म्या जाब इचारायला गेल्तो. रान कोरलंय त्येंनी माजं, दहा गुंठं. दोघं बी अंगावर आले."

"मग दत्तोबाचा खांदा?"

"झोंबाझोंबीत लागला आसंल."

खाली त्यानं सही केली. दत्तोबाला दवाखान्यातून खांदा बांधून आणला आणि बापलेक दोघं आत गेले. दोघांनी सांगितलं ते कुणी मनावर घेतलं नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याचंच लोक ऐकतात. स्वरूपानं सगळं बघितलं होतं. तिला कुणी विचारलं नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला फार वेळ लागला. ओढ्याकाठी बसलेल्या माणसांना ऊन लागायला लागलं तशी कुजबूज सुरू झाली. विजयसिंह उठून पिंडापाशी गेला. "मुक्ते, त्येंचं घर उभं ठेवत न्हाय, जा," असं मोठ्यानं म्हणाला. थोड्या वेळानं कावळा उतरला. कावळा कशामुळं उतरला ते कुणी सांगावं. पण विजयसिंहाला जे पाहिजे होतं ते मिळालं.

ओढ्यावरून विजयसिंह आणि त्याची माणसं सरळ दत्तोबाच्या घरी गेली. घरात दत्तोबाची बायको गोजरबाई एकटी होती. त्यांनी दार लाथेनं पाडलं. कौलं काठ्यांनी फोडली. ठिबकच्या नळ्या कोयत्यानं वीत वीत तोडून ढीग केला. पाण्याच्या मोटारीवर दगड घातला. गाभण म्हशीच्या पाठीत एकानं काठी घातली, ती दावं तोडून रस्त्याला पळाली आणि कडेच्या चरात पडली. गोजरबाई मधे आली. विजयसिंहानं तिचे केस धरून तिला अंगणात ओढली. तिचं कपाळ उंबऱ्याच्या दगडावर आपटलं.

आबाजी कुंपणाबाहेर बाभळीखाली उभा होता. पायाच्या अंगठ्याला प्लास्टर होतं. गोजरबाईनं रक्त पुसत त्याच्याकडं बघितलं.

"आबाजी," ती म्हणाली, "तुज्या लग्नात तुला हळद म्या लावली."

त्याच्या पायाशी तिची कळशी गडगडत आली होती. त्यानं चांगल्या पायानं ती लाथाडली. ती कळशी जाऊन चारीत पडली आणि तरंगत गेली.

त्यानंतर गावानं गोजरबाईशी बोलणं टाकलं. गिरणीवाला तिचं दळण शेवटी ठेवायचा आणि मग वीज गेली म्हणायचा. ती कपाळाला फडकं बांधून पाचट वेचायची, एकटीच. मोटार फुटलेली, चारीच्या पाण्याची पाळी कुणी देईना, त्यामुळं ती उरलेल्या एका कळशीनं चारीतून पाणी आणून एकेका सरीला घालत होती. वीतभर खोडवा आधी पिवळा पडला, मग करपला. आबाजी आपल्या रानातून बघायचा. त्याला बरं वाटायला पाहिजे होतं.

त्याच्या घरात कामं होती तेवढीच होती. म्हैस त्याच्या हाताला पान्हा सोडत नव्हती. दोन दिवस त्यानं तिचे पाय बांधून दूध ओढलं, तिसऱ्या दिवशी तिनं बादली उडवली. त्यानं तिला मुसक्या बांधायच्या दोरीनं मारलं. मारून हात दुखला तेव्हा तो शेणात बसून राहिला. मग स्वरूपा आली. तिनं आईचं जुनं लुगडं अंगावर घेतलं, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि दूध काढलं. भाकरी तिला थापता येत नव्हती. दोघं चुरमुरे खायचे, नाहीतर शेजारचं काही आलं तर ते. धरलेली मान मुक्ता जिथं टेकवायची त्या जागी उशीला खड्डा पडलेला होता. ती उशी त्यानं उलटी केली नाही.

पंधरा दिवसांनी स्वरूपा शाळेत गेली. फीत परत दिली. वही तपासायला दिली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती घरी आली आणि तिनं वही ओसरीवर ठेवून दिली. आबाजीच्या हातात ती कशी आली ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला 'आईची वीत' तेवढी बघायची होती. त्यानं त्या ओळीवर स्वतःची वीत ठेवली. मग पान उलटलं.

मागच्या पानावर पोरीनं लिहिलं होतं:

'माझे उत्तर चुकले म्हणून मी सरी मोजली. तात्यांनी सांगितले की वीस सऱ्या आहेत. मी मोजल्या, वीसच आहेत. आताची एक सरी १ मीटर ३७ सेंमी. वीस सऱ्या = २७ मीटर ४० सेंमी. तात्या म्हणाले की आजोबांच्या वेळी बैलाची सरी तीन फूट होती. तीन फूट = ९१ सेंमी. वीस सऱ्या = १८ मीटर २० सेंमी. म्हणजे माझे गणित चुकले नाही. सरी मोठी झाली.'

खाली करुणाबाईंच्या लाल शाईत होतं: 'शाब्बास. एकक बदलले की मोजणी तीच राहून माप बदलते. निष्कर्ष लिहायचा राहिला आहे. पूर्ण कर.'

निष्कर्ष या शब्दापुढं दोन ओळी कोऱ्या होत्या.

आबाजीनं वही मिटली. मग लंगडत छपरात गेला. ट्रॅक्टरमागं सऱ्या पाडायचं रिजर पडलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्यानं ट्रॅक्टर घेतला, तेव्हापासून दोन्ही रानांची नांगरट आणि सऱ्या तोच सोडत होता. दत्तोबाकडं ट्रॅक्टर नव्हता. ऊस मोडला की दोन्ही रानं एक करून नांगरायची, त्यात बांधाची सरी मोडायची. मग चारीपासून वीस सऱ्या सोडायच्या, एकविसावी मोकळी ठेवायची, पुढं आपलं. दर वेळी तो स्वतः ट्रॅक्टरवरून आकडा ओरडायचा आणि दत्तोबा चारीवर उभा राहून बोटांवर मोजायचा. विसावी झाली की दोघं एकदमच हात वर करायचे. त्यात कधी चूक झाली नव्हती.

रिजरच्या दांड्यावर फाळ घट्ट करायचे बोल्ट होते. ते जिथं जिथं बसले होते तिथं गंजाची खूण होती. त्यानं घरातला शिवणाचा टेप आणला, मुक्ताचा. पहिली खूण एकशे सात सेंटिमीटर. म्हणजे साडेतीन फूट. ट्रॅक्टरला बैलाची तीन फुटी सरी जमत नव्हती, तेव्हाची. दुसरी एकशे बावीस. चार फूट. कारखान्याचा माणूस सांगून गेला होता की रुंद सरीत ऊस जाड येतो, तेव्हाची. तिसरी एकशे सदतीस. साडेचार फूट. हे बोल्ट त्यानं याच हातांनी, याच पान्यानं सरकवले होते. दर खेपेला दहा फूट. साठाचे सत्तर, सत्तरचे ऐंशी, ऐंशीचे नव्वद. आणि दर खेपेला तो ओढ्याकडून दगड वेचून तेवढा पट्टा भरून काढत होता, म्हणून त्याच्या रानाला काही कमी पडलेलं त्याला दिसलं नाही.

दत्तोबानं एक सरी जास्त घेतली नव्हती. त्याला ती मिळालीही नव्हती. वीसच्या वीस ओळी ऊस, तेवढाच.

आबाजीनं रिजरच्या दांड्यावर कपाळ आपटलं. एकदा, मग पुन्हा. लोखंड हललं नाही. भुवईवर फुटलं आणि रक्त डोळ्यात गेलं. स्वरूपा छपराच्या दाराशी उभी होती. ती पुढं आली नाही.

"मी तवाच म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "मागच्या पानावर हाय म्हनून."

तो तसाच गोजरबाईकडं गेला. ती अंगण झाडत होती. दाराच्या जागी पोतं टांगलेलं होतं.

"वैनी," तो म्हणाला, "तात्यानं रान खाल्लं न्हाय. सरी मोटी झाली. म्याच सोडली."

तिनं हातातला खराटा थांबवला. "आन पयला कुनी मारलं?"

"म्या."

"आवाज येत न्हाय."

"म्या मारलं. तात्या सऱ्या मोजत व्हता. पाटमोरा व्हता."

तिनं खराटा उलटा धरला आणि बुडख्यानं त्याच्या तोंडावर मारला. मग खांद्यावर, मग दंडावर, मग जिथं बसेल तिथं. बाई साठीची होती, पण आयुष्यभर कळश्या वाहिलेले हात होते. काड्या मोडून त्याच्या गालात घुसल्या. तो उभा राहिला. तिचा दम गेला तेव्हा ती उंबऱ्यावर बसली, त्याच दगडावर.

"हितं येऊन काय सांगतुयास मला?" ती धापा टाकत म्हणाली. "मला ठावंच हाय. म्या त्या मानसाबरं चाळीस वरसं संसार केलाय. ठेसनात जाऊन सांग. मोडक्या खांद्यानं फरशीवर निजतोय त्यो."

"युवराजचा हात..."

"युवराजचा हात लागला. ते त्येचं त्यो फेडंल. पर कशापायी उचलला ते सांग. बाप मरतोय म्हनून उचलला. जा."

सोमवारी तो ठाण्याकडं गेला. फाटकापाशी पोचतो तोच विजयसिंहाचा फोन आला. कुणीतरी सांगितलंच असणार. गावात तोंडावर काड्यांचे ओरखाडे घेऊन फिरणारा माणूस लपत नाही.

"दाजी, कुठं हायसा?"

"हाय हितंच."

"ऐका. जबाब फिरवला तर पयलं तुमीच आत जानार. मग पोरगी कुठं जानार, बावड्याला ना? मग ती परत तुमच्या उंबऱ्याला येत न्हाय, हे धरून चाला. आन गोजरबाईचं नुसतं घर फोडलंय आजून." जरा थांबून तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फाटला, "भन हुती ती माजी. तुमी लबाडी केली आसली तर मला सांगू नका. मला आइकायचं न्हाय."

आबाजी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसला. समोर ठाण्याचा दरवाजा होता, माणसं आत जात होती, बाहेर येत होती. दोन कप चहा त्यानं घेतला. दुसऱ्या कपाला गार साय धरली. मग तो उठून अंथुर्ण्याच्या गाडीत बसला. गुरुवारी तो पुन्हा गेला. त्या दिवशी फाटकाच्या आत गेला, आतल्या बाकावर बसला. शिपायानं विचारलं, काय काम? तो म्हणाला, साहेबांना भेटायचं होतं. साहेब इंदापूरला गेलेत, उद्या या. तो हो म्हणाला.

उद्या तो गेला नाही.

त्या दिवशी तो घरातलं दुसरं खोरं घेऊन रानात गेला. चारीपासून फूटपट्टीनं, गुडघ्यावर सरकत सरकत, त्यानं अठरा मीटर एकोणतीस मोजले आणि तिथं एक काठी रोवली. काठी दत्तोबाच्या चौदाव्या सरीत आली. मुक्ता जिथं पडली होती ती जागा काठीच्या अलीकडं होती, चारीच्या बाजूला. म्हणजे कुठल्याही मापानं ते दत्तोबाचंच रान होतं. आबाजीनं काठी उपटून टाकली. मग गोजरबाईची करपलेली सरी बघितली आणि तिथंच चारीचं दार फोडून पाणी आत सोडलं. लांबून गोजरबाई बघत होती. ती आली नाही, त्याला नको असंही म्हणाली नाही.

संध्याकाळी स्वरूपा दप्तर भरत होती.

"बाबा, बाईंनी परत इचारलं. निष्कर्ष काय लिवू?"

तो भाकरी थापायचा प्रयत्न करत होता. पीठ परातीला चिकटत होतं.

"तुमीच सांगा," ती म्हणाली. "तुमी सांगशिला तेच लिवीन."

त्यानं हात धुतले, वही घेतली, पेन घेतलं. कोऱ्या ओळीवर पेन टेकवून तो बसला. शाईचा एक ठिपका तेवढा पडला.

आज चैत्र अर्धा झाला आहे. दत्तोबा आणि युवराज येरवड्यात आहेत. वहीतल्या त्या दोन ओळी कोऱ्या आहेत आणि ठाण्यातला जबाब आबाजीनं अजून बदललेला नाही.